ट्रॅक बंद पडला तर काय उरते? पॉप आणि हेवी मेटलच्या थेट सादरीकरणातील कौशल्याविषयी

पुण्यातील एका महाविद्यालयीन मेटल बँडमध्ये गिटार वाजवणाऱ्या तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: पॉपचे मोठे कलाकार मंचावर केवळ ओठ हलवतात आणि गाणे संगणकातून येते, मेटलचे बँड मात्र प्रत्येक स्वर तिथल्या तिथे वाजवतात; तेव्हा थेट सादरीकरणाचे खरे कौशल्य मेटलमध्येच आहे, असे म्हणणे योग्य आहे का? त्याला जोडून दुसरा प्रश्न असा की एका पॉप गायिकेच्या साथीला वाजवण्याचे काम समोर आले आहे, ते स्वीकारले तर हात बिघडेल का?

माझा व्यवसाय थेट कार्यक्रमांच्या ध्वनिसंयोजनाचा आहे. प्रेक्षकांपर्यंत जाणारा आवाज जुळवणे आणि मंचावरील कलाकारांच्या कानांपर्यंत जाणारा आवाज जुळवणे, ही दोन्ही कामे मी मेटलच्या आणि पॉपच्या कार्यक्रमांत करत आलो आहे. कन्सोलवर, म्हणजे सर्व आवाज जुळवण्याच्या यंत्रावर, प्रत्येक माइक, प्रत्येक वाद्य आणि संगणकातून येणारा प्रत्येक ट्रॅक, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेला भाग, सुटा करून ऐकता येतो, त्यामुळे मंचावर कोण नेमके काय करत आहे हे आमच्यापासून लपून राहत नाही. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की सर्वसाधारण मेटल बँडमधील प्रत्येक वादकाकडून जितकी शारीरिक अचूकता मागितली जाते, तितकी सर्वसाधारण पॉप कार्यक्रमातील मुख्य कलाकाराकडून मागितली जात नाही. परंतु त्या मुख्य कलाकाराच्या मागे मानधनावर उभे असलेले वादक पुष्कळदा या संपूर्ण क्षेत्रातील सर्वांत सक्षम वादक असतात, आणि पॉपमधील काही गायक-गायिकांची तयारी मेटलच्या कोणत्याही गायकाला घाम फोडील अशी असते. म्हणून संगीतप्रकाराच्या नावावरून निकाल देता येत नाही. आज, या प्रेक्षकांसमोर, कोणाच्या चुकीने गाणे मोडू शकते हे पाहावे लागते. जिथे मोडण्याचा धोका खरा आहे, तिथे ते सावरण्याचे कौशल्यही खरे आहे.

मेटलमधील मागणी आकड्यांत मांडता येते, म्हणून तिथून सुरुवात करतो. मेटॅलिकाचे 1986 मधील ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हे गाणे मिनिटाला सुमारे 212 ठोक्यांच्या लयीत आहे. त्यातील मुख्य रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारीचा छोटा तुकडा, बँडचे गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्ड केवळ खालच्या दिशेच्या फटकाऱ्यांनी, म्हणजे डाउनपिकिंगने, वाजवतात. लयीच्या प्रत्येक ठोक्याला दोन फटकारे धरले तर सेकंदाला सात फटकारे होतात. मधला संथ भाग सोडला तरी साडेआठ मिनिटांच्या गाण्यात मनगटाला विसावा फारसा मिळत नाही, आणि हेटफील्ड हे करत असतानाच गातात. खालीवर असे दोन्ही दिशांनी वाजवले तर श्रम निम्मे होतात, पण रिफचा कडकपणा जातो, आणि जाणकार श्रोत्याला तो फरक पहिल्या काही सेकंदांत कळतो. ड्रमवादकाचे उदाहरण घ्यावयाचे तर 200 ठोक्यांच्या लयीत डबल बेस पेडलवर, म्हणजे दोन्ही पायांनी बेस ड्रम वाजवण्याच्या जोडपेडलवर, ठोक्याला चार आघात केले की सेकंदाला तेराहून अधिक आघात होतात, म्हणजे प्रत्येक पायाला सहा ते सात. डेथ मेटलमध्ये याहून जलद लयी सर्रास आढळतात. याउलट आयर्न मेडनच्या निको मॅकब्रेन यांनी जवळजवळ संपूर्ण कारकीर्द एकाच पेडलवर, एकाच पायाने काढली, आणि त्यांच्या उजव्या पायाची चपळता पाहून डबल बेस वाजवणारे वादकही आजतागायत थक्क होतात.

वेगाइतकीच, किंबहुना वेगाहून अधिक, अडचण निर्माण करणारी गोष्ट श्रोत्यांच्या सहसा लक्षात येत नाही, ती म्हणजे मंचावरील अंतर. हवेतून ध्वनी सेकंदाला साधारण 345 मीटर जातो. मोठ्या मंचाच्या एका टोकाला उभा असलेला गिटारवादक ड्रमपासून बारा मीटर दूर गेला, तर ड्रमचा आघात त्याच्या कानावर सुमारे 35 मिलिसेकंद उशिरा पडतो. 110 च्या लयीतील पॉप गाण्यात ठोक्याचा चौथा भाग 136 मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे हा उशीर सहज पचतो. 200 च्या लयीत तोच चौथा भाग 75 मिलिसेकंदांचा होतो, आणि उशीर त्याच्या जवळजवळ निम्मा भरतो. गिटारवादकाने केवळ कानाला येणाऱ्या ड्रमवर भरवसा ठेवला, तर तो प्रामाणिकपणे वाजवूनही मागे पडतो आणि दोन गिटारींची एकत्रित रिफ चिखलासारखी ऐकू येते. म्हणूनच जुने मेटल वादक कठीण भाग आला की ड्रमकडे सरकतात, झांजा आणि काठ्यांच्या हालचालींकडे डोळे लावतात, आणि आता बहुतेक जण कानातील मॉनिटर, म्हणजे स्वतःपुरता जुळवलेला आवाज ऐकवणारे इयरफोन, वापरतात. एकमेकांकडे पाहून मान हलवण्याचा जो प्रकार प्रेक्षकांना आवेश वाटतो, त्यात पुष्कळदा लय धरून ठेवण्याचे अगदी व्यावहारिक काम चाललेले असते.

आपल्याकडच्या कार्यक्रमांत याला विजेची भर पडते. मेटलच्या गिटारीचा आवाज अतिशय तीव्र प्रवर्धनातून, म्हणजे अ‍ॅम्प या यंत्राने कित्येक पटींनी वाढवून, तयार होतो, आणि प्रवर्धन जितके जास्त तितका तारेतील प्रत्येक अनाहूत आवाजही मोठा होतो. मैदानावर जनरेटर, दिव्यांची यंत्रणा आणि अर्थिंग यांत थोडी जरी गफलत असली तरी 50 हर्ट्झची गुणगुण अ‍ॅम्पमधून गर्जना होऊन बाहेर पडते. ती दाबण्यासाठी नॉइज गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज कापणारे यंत्र, लावावे लागते, आणि गेट लावले की वादकाच्या हाताची परीक्षा अधिकच कडक होते, कारण तार तळहाताने वेळेवर न दाबल्यास गेट उघडेच राहते आणि हलक्या हाताने वाजवल्यास स्वर अर्धवट कापला जातो. महोत्सवात दोन बँडांमधला वेळ वीस मिनिटांचा, साउंडचेक जेमतेम, आणि रात्री दहाची मर्यादा डोक्यावर. अशा स्थितीत दोन सात-तारी गिटारी, एक बेस आणि दुहेरी पेडलचा ड्रम स्वच्छ ऐकवणारा बँड मला दिसतो, तेव्हा त्याच्या तालमींविषयी माझ्या मनात नितांत आदर निर्माण होतो. मुंबईतल्या मेटल बँडांनी हे अनेक वर्षे केले आहे, आणि त्याचे श्रेय त्यांना पुरेसे मिळालेले नाही असे मला मनापासून वाटते.

मेटलच्या गायनाविषयी मोठा गैरसमज आहे. घोगऱ्या गर्जनेला लोक नुसती आरडाओरड समजतात. चांगला गायक ही गर्जना मुख्य स्वरतंतूंवर ताण न देता त्यांच्या वर असलेल्या, ज्यांना आभासी स्वरतंतू म्हणतात त्या पडद्यांच्या कंपनातून काढतो आणि श्वासाचा आधार पोटातून देतो. न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस यांच्यासारख्या शिक्षिकांनी याचे पद्धतशीर शिक्षण दिले आहे. ज्यांनी ते शिकलेले नसते, त्यांचा आवाज चौथ्या-पाचव्या गाण्यात बसतो आणि दौऱ्याच्या तिसऱ्या दिवशी बोलताही येत नाही. तरीही एक सवय मला इथे स्पष्टपणे वाईट म्हणावी लागते. मेटलचे अनेक गायक माइकची जाळी दोन्ही हातांनी झाकून धरतात. त्याने माइकची दिशा ओळखण्याची क्षमता नष्ट होते, तो चहूबाजूंचा आवाज उचलू लागतो, मध्यम कंपने फुगतात, शब्द गिळले जातात आणि मंचावर कलाकारांसाठी ठेवलेला स्पीकर शिटी मारू लागतो. चित्रात हे धरणे आक्रमक दिसते, पण आपलाच आवाज श्रोत्यांपर्यंत पोचू न देणारी कृती मंचावरील कौशल्यात मोडत नाही.

आता ज्या मुद्द्यावर मेटलचे चाहते सहसा बोलत नाहीत तो. मेटललाही यंत्रांची मदत असते, आणि ती पॉपइतकीच बारकाईने तपासली पाहिजे. बेस ड्रमवर ट्रिगर नावाचा संवेदक बसवून प्रत्येक आघाताच्या जागी आधीच ध्वनिमुद्रित केलेला आघात वाजवणे, हे अतिजलद मेटलमध्ये सर्वमान्य आहे. याला फसवणूक म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. सेकंदाला तेरा आघात मोठ्या सभागृहात माइकने उचलले तर एका आघाताची घरघर संपण्याआधी दुसरा येतो आणि सर्व मिळून एकच गडगडाट होतो. ट्रिगरमुळे प्रत्येक आघात सुटा राहतो. शिवाय ट्रिगर लय सुधारत नाही. पाय मागेपुढे पडला तर ती चूक ट्रिगरमुळे अधिकच ठळक ऐकू येते. जे लपते ते आघाताचे बळ: दमलेल्या पायाचा हलका आघातही पूर्ण जोराचा भासतो. म्हणजे ट्रिगर लावलेल्या वादकाच्या लयीचे कौतुक करावे, ताकदीविषयी मत राखून ठेवावे.

अ‍ॅम्पच्या जागी आलेल्या अंकीय यंत्रांविषयीही असेच म्हणता येईल. मेटॅलिकाने 8 डिसेंबर 2013 रोजी अंटार्क्टिकावरील अर्जेंटिनाच्या कार्लिनी तळावर कार्यक्रम केला, तेव्हा पर्यावरणाच्या कारणास्तव मंचावर गरजणारे अ‍ॅम्प नव्हते आणि प्रेक्षकांनी सर्व संगीत हेडफोनवर ऐकले. अ‍ॅम्पची भिंत हातातील बऱ्याच उणिवा झाकते. ती काढून टाकली की हाताची सफाई उघडी पडते. त्यामुळे अंकीय यंत्र वापरणारा बँड कमी अस्सल, हा समज मला पटत नाही.

ट्रॅकची गोष्ट मात्र निराळी. सिंफनिक मेटलमध्ये वाद्यवृंद आणि समूहगान संगणकातून येते आणि ते कोणी नाकारत नाही. शंभर माणसे दौऱ्यावर नेणे परवडत नाही. परंतु आधुनिक मेटलकोर या उपप्रकारात दुसरी गिटार, गायकाचे दुहेरी आवाज आणि काही वेळा सुरेल ध्रुवपदाचा मोठा भागही संगणकातूनच येतो, आणि मंचावर पाच जण दिसत असताना ऐकू येणारे संगीत आठ जणांचे असते. अमेरिकेच्या फॉलिंग इन रिव्हर्स या बँडला 2022 मध्ये संगणक हरवल्यामुळे कार्यक्रम रद्द करावा लागला, तेव्हा या विषयावर जो वाद झाला तो मेटलच्या वर्तुळात फार आधी व्हायला हवा होता. याउलट मेटलच्याच परंपरेतील आयर्न मेडनने अनेक वर्षे कीबोर्डचे स्वर मंचाआड बसलेल्या मायकेल केनी या त्यांच्याच तंत्रज्ञ सहकाऱ्याकडून प्रत्यक्ष वाजवून घेतले. 1 फेब्रुवारी 2008 रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात त्यांच्या त्या वर्षीच्या जागतिक दौऱ्याचा पहिला कार्यक्रम झाला, त्या वेळी गायक ब्रूस डिकिन्सन 49 वर्षांचे होते, बँडचे विमानही तेच चालवत होते, आणि मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत उंच पट्टीतील गाणी स्वतः गात होते. तीन गिटारींच्या एकत्र चालणाऱ्या सुरावटी तिन्ही वादक प्रत्यक्ष वाजवतात. मेटलचा दावा ज्या आधारावर उभा आहे तो अशा कार्यक्रमांचा आहे, आणि तो आधार मजबूत आहे.

पॉपकडे वळताना लिप-सिंकचा प्रश्न टाळता येत नाही, पण त्याच्या पायऱ्या समजून घेतल्या पाहिजेत. सर्वांत टोकाला मिली व्हॅनिली ही जोडी आहे. ध्वनिमुद्रिकेवरचा आवाजच त्यांचा नव्हता, आणि ते उघडकीस आल्यावर नोव्हेंबर 1990 मध्ये त्यांचा ग्रॅमी पुरस्कार परत घेण्यात आला. त्याच्या अलीकडे, स्वतःच्याच ध्वनिमुद्रित आवाजावर ओठ हलवणे. 1 नोव्हेंबर 1996 रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकेल जॅक्सन यांचा कार्यक्रम झाला. त्या हिस्टरी दौऱ्यातील बहुतांश गाणी ध्वनिमुद्रित आवाजावर होत असत, तर त्याच माणसाने 1987 पासूनच्या बॅड दौऱ्यात नाचत-नाचत ती गाऊन दाखवली होती. 10 मे 2017 रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये जस्टिन बीबर यांच्या कार्यक्रमावरही हीच टीका झाली, आणि तिकिटासाठी मोठी रक्कम मोजलेल्या प्रेक्षकांचा राग मला रास्त वाटला.

परंतु आजच्या पॉप कार्यक्रमांत बहुधा घडते ते या दोन टोकांच्या मधले. कन्सोलवर मुख्य गायिकेचा प्रत्यक्ष माइक एका चॅनेलवर येतो. त्याच्या शेजारी तिच्याच आवाजाचा दुहेरी थर, सहगायनाचे थर आणि काही वेळा संपूर्ण गाण्याचा मार्गदर्शक आवाज, असे ट्रॅक तयार असतात. नृत्याच्या कठीण भागात तिचा श्वास फुलला की ध्वनिसंयोजक मार्गदर्शक आवाज थोडा वर घेतो, ती स्थिर झाली की खाली आणतो. एकाच गाण्यात हे प्रमाण कितीदा तरी बदलते. त्यामुळे ‘ती गात होती की नाही’ या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही असे देता येत नाही. स्वर सुधारणारे यंत्रही आता प्रत्यक्ष वेळेत चालते. तेलशोधासाठी भूकंपलहरींचे विश्लेषण करणारे अँडी हिल्डब्रँड यांनी बनवलेले ऑटोट्यून 1997 मध्ये बाजारात आले आणि पुढच्याच वर्षी गायिका शेर यांच्या ‘बिलीव्ह’ने ते घराघरांत पोचवले. हे यंत्र जवळपास सुरात असलेल्या आवाजाला सुरावर बसवते. मुळातच भरकटलेल्या आवाजाला ते शेजारच्या चुकीच्या स्वरावर तितक्याच ठामपणे नेऊन बसवते. लग्नसमारंभात आणि ऑर्केस्ट्रात मायनस ट्रॅकवर, म्हणजे गायनाचा भाग काढलेल्या ध्वनिमुद्रणावर, गाणारे आपल्याकडचे गायक ही गोष्ट चांगली जाणतात.

पॉपमध्ये ट्रॅक इतके का लागतात, याचे कारण आळस हे क्वचितच असते. दिवे, पडद्यावरची चित्रे, आतषबाजी, नर्तकांची हालचाल आणि कॅमेरे हे सर्व एकाच टाइमकोडला, म्हणजे सर्व यंत्रांना एकच वेळ देणाऱ्या संकेताला, बांधलेले असतात, आणि संगीत त्याच टाइमकोडवर चालले नाही तर आगीचा लोळ नर्तक त्या जागेवरून हटण्याआधी उठू शकतो. दूरचित्रवाणीवर कारण आणखी साधे असते: वेळ नसतो. फेब्रुवारी 2014 मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोल या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात रेड हॉट चिली पेपर्स या रॉक बँडची वाद्ये जोडलेलीच नव्हती. गायन प्रत्यक्ष होते आणि वादन ध्वनिमुद्रित. बेसवादक फ्ली यांनी नंतर ते उघडपणे सांगितले. काही मिनिटांत मंच उभा करायचा असताना वाद्यांचे सर्व माइक तपासणे शक्य नसते. म्हणजे यंत्रणेच्या अटी बदलल्या की वाद्य वाजवणारा बँडही ओठ हलवणाऱ्यांच्याच स्थितीत येतो. याच कारणाने 1980 मध्ये बीबीसीच्या टॉप ऑफ द पॉप्स कार्यक्रमात प्रत्यक्ष वाजवण्याचा आयर्न मेडनचा हट्ट आजही आठवला जातो.

आणि तरीही पॉपमध्ये जे सर्वोत्तम आहे ते पाहिले की तुलना एकतर्फी राहत नाही. गायिका पिंक यांनी 2010 च्या ग्रॅमी समारंभात छताला टांगलेल्या कापडात, पाण्याने भिजलेल्या अवस्थेत, गोल फिरत गायन केले. उलटे लटकताना श्वासपटल पोटातील अवयवांच्या भाराविरुद्ध काम करते, आणि तशा स्थितीत सुरेल, लांबलचक स्वर लावणे ही कसरत आणि गायन या दोन्हींतील वर्षानुवर्षांची तयारी आहे. टेलर स्विफ्ट यांचा इराज दौरा मार्च 2023 ते डिसेंबर 2024 या काळात 149 कार्यक्रमांचा झाला आणि प्रत्येक कार्यक्रम तीन तासांहून लांब होता. त्याच्या तयारीत त्या रोज ट्रेडमिलवर धावत संपूर्ण कार्यक्रमातील गाणी मोठ्याने म्हणत असत, जलद गाण्याला जलद आणि संथ गाण्याला संथ गतीने. शिवाय त्या प्रत्येक कार्यक्रमात एकट्याने गिटार किंवा पियानो घेऊन त्या दिवसापुरती निवडलेली गाणी सादर करत. तिथे काही चुकले तर सगळ्यांना ऐकू येणार हे त्यांनी स्वतःहून स्वीकारलेले होते. एड शिरन 16 मार्च 2024 रोजी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर आले. ते लूप यंत्रावर गिटारीचा ठेका, कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर), सुरावट आणि सहगायन हे सर्व प्रेक्षकांसमोरच एकावर एक मुद्रित करत गाणे उभे करतात. त्या यंत्राच्या पहिल्या थरात जर दहा मिलिसेकंदांची चूक झाली तर ती पुढच्या चार मिनिटांत प्रत्येक फेरीला परत येते. मेटलच्या कोणत्याही वादकाला या निर्दयी कसोटीची जाणीव होऊ शकेल, कारण त्याच्या रिफचीही हीच परीक्षा असते.

साथीच्या वादकांविषयी मात्र मला अधिक सांगायचे आहे, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे. मायकेल जॅक्सन यांच्या बॅड, डेंजरस आणि हिस्टरी या तिन्ही दौऱ्यांत जेनिफर बॅटन गिटार वाजवत होत्या. दोन्ही हातांनी तारा ठोकून वाजवण्याच्या त्यांच्या तंत्रापुढे अनेक मेटल गिटारवादक नम्र होतील. एक्स्ट्रीम बँडचे नूनो बेटनकोर्ट, ज्यांच्या उजव्या हाताची नक्कल मेटलची पोरे आजही करतात, ते काही वर्षे रिहाना यांच्या दौऱ्यातील गिटारवादक होते. 2023 मध्ये निधन पावलेले आरन स्पिअर्स हे अशर यांच्यासारख्या गायकांच्या साथीला ड्रम वाजवत, आणि चर्चच्या गॉस्पेल परंपरेतून आलेली त्यांची हातोटी जगभरच्या ड्रमवादकांनी अभ्यासली. या लोकांना पॉपमध्ये काम सोपे म्हणून बोलावले जात नाही. कानात एकीकडे क्लिक, म्हणजे लय दाखवणारी टिकटिक, चालू असते, दुसरीकडे संगीत-संचालक बोलून पुढील भागाची सूचना देत असतो, गायिकेने श्वास घेण्यासाठी चार मात्रा वाढवल्या तर सर्वांनी एकाच वेळी त्या वाढवायच्या असतात, आणि हे करताना वादन असे राहिले पाहिजे की श्रोत्याचे लक्ष गायिकेवरून हटू नये. मेटलमध्ये वादक स्वतःच्या बँडची तीसएक गाणी स्नायूंत मुरवतो. पॉपचा वादक नव्या गायकाची पंचवीस गाणी दहा दिवसांत उचलतो, हव्या त्या पट्टीत बदलतो आणि प्रत्येक गाण्याचा मूळ ध्वनी हुबेहूब उभा करतो. ही वेगळी तालीम आहे, आणि माझ्या मते मेटलच्या बहुतेक वादकांत तिची उणीव असते.

दोन्ही जगे एकाच मंचावर आली तेव्हा काय झाले, ते 12 फेब्रुवारी 2017 च्या ग्रॅमी समारंभात सर्वांनी पाहिले. मेटॅलिका आणि लेडी गागा यांनी एकत्र गाणे सादर केले आणि सुरुवातीलाच हेटफील्ड यांचा माइक बंद असल्याचे लक्षात आले. गाणे थांबले नाही. बँड पूर्ण जोराने वाजवत राहिला आणि हेटफील्ड व गागा यांनी एकच माइक वाटून घेऊन गाणे पूर्ण केले. त्या क्षणी पॉपची मोठी तारका मेटलच्या वेगात, ठरलेली जागा सोडून, समोरच्याच्या तोंडाकडे पाहत सहगायन करू शकली, ते तिच्या अंगी प्रत्यक्ष गाण्याची आणि बँडबरोबर वाजवण्याची जुनी सवय असल्यामुळे. ट्रॅकवर अवलंबून असलेल्या कलाकाराकडून हे घडले नसते, मग तो कोणत्याही प्रकारातला असो.

याच्या उलट उदाहरण 31 डिसेंबर 2016 चे आहे. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये मरायाह केरी यांना कानातील मॉनिटरमध्ये काही ऐकू येईना, त्या गायच्या थांबल्या आणि ध्वनिमुद्रित आवाज मात्र वाजत राहिला. त्यांच्या गळ्याची क्षमता वादातीत आहे. पण त्या रात्रीची व्यवस्था अशी होती की त्या क्षमतेचा उपयोगच होऊ शकला नाही. मॉनिटर अभियंता म्हणून सांगतो की कान बंद पडणे ही आमच्या कामातील नित्याची भीती आहे, आणि त्यासाठी मंचावर एक साधा स्पीकरही जोडून ठेवण्याचा आग्रह मी दोन्ही प्रकारच्या कलाकारांकडे धरतो. मेटलमधील तुल्य प्रसंग जून 2004 चा: इंग्लंडच्या डाउनलोड महोत्सवात मेटॅलिकाचे ड्रमवादक लार्स उलरिक आजारी पडले. स्लेयरचे डेव्ह लोम्बार्डो, स्लिपनॉटचे जोई जॉर्डिसन आणि उलरिक यांचे स्वतःचे ड्रम तंत्रज्ञ फ्लेमिंग लार्सन यांनी मिळून ती रात्र सांभाळली. ते शक्य झाले कारण ती गाणी त्या वादकांच्या चांगली ओळखीची होती आणि त्यांना जोडणारा कोणताही संगणक मध्ये नव्हता. मेटलच्या परंपरेतील हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि ट्रॅकचा वापर वाढत गेला तर तो पहिल्यांदा नष्ट होईल याची मला काळजी आहे.

कार्यक्रमात बसून हे ओळखायचे असेल तर काही खुणा भरवशाच्या आहेत. माइक तोंडापासून दूर गेला की प्रत्यक्ष आवाज पातळ होतो आणि जवळ आला की खालचे स्वर भरतात. हालचाल होऊनही आवाज जसाच्या तसा राहिला तर तो माइकमधून येत नाही. शब्दांमधला श्वास ऐकावा. शेवटच्या ओळीचा उच्चार मूळ ध्वनिमुद्रिकेपेक्षा किंचित वेगळा आहे का, ते पाहावे. गिटारवादकाने तारेवरून हात काढल्यावरही गिटार चालू राहिली तर तिथे दुसरी गिटार ट्रॅकवर आहे. फेब्रुवारी 2016 मध्ये ग्रॅमी समारंभात अडेल यांच्या गाण्याच्या वेळी पियानोतील माइक तारांवर पडून बेसूर खणखणाट झाला, आणि त्यांच्या आवाजात जो क्षणभर संकोच आला, तोच सर्व काही प्रत्यक्ष चालू असल्याचा स्पष्ट पुरावा होता.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर: ते काम स्वीकारा. हात बिघडणार नाही, फक्त त्याची एक बाजू वापरात राहणार नाही, ती घरी राखावी लागेल. रोज पंधरा मिनिटे मेट्रोनोमवर डाउनपिकिंग चालू ठेवा आणि लय आठवड्याला दोन-तीन ठोक्यांहून अधिक वाढवू नका. वेदना झाली तर त्या दिवशी थांबा, मनगटाची दुखापत वेगाने बरी होत नाही. पॉपच्या तालमीत पहिले काही दिवस तुम्हाला सर्वांत जड जाईल ते कमी वाजवणे आणि क्लिकच्या किंचित मागे, पण दर वेळी तितकेच मागे राहणे. मेटलमध्ये तुम्ही क्लिकच्या पुढच्या कडेवर बसण्याची सवय लावली असेल, आणि पॉपचे संगीत-संचालक ती पहिल्याच गाण्यात पकडतात. आवाजाची पातळी स्वतः कमी करा, प्रवर्धन निम्म्यावर आणा, आणि गायिकेचा आवाज तुमच्या कानातील मॉनिटरमध्ये सर्वांत वर मागून घ्या, कारण ती मात्रा वाढवील किंवा गाळील ते तुम्हाला प्रथम तिथेच कळेल. तुमच्या मेटल बँडच्या तालमीत मात्र महिन्यातून एकदा क्लिक, ट्रॅक आणि कानातील मॉनिटर असे सगळे बंद करून, जुन्या पद्धतीने मंचावरच्या स्पीकरवर पूर्ण कार्यक्रम वाजवा, आणि तो मोबाइलवर मुद्रित करून दुसऱ्या दिवशी सगळे एकत्र बसून ऐका.